लांगाग्रुनची शेवटची बरणी

स्वावा: चिमटा खाली ठेव जरा, थोर्डिस.

थोर्डिस: ठेवते की. अर्धी ताटली राहिलीय एवढी. तू बोल, माझे कान रिकामेच आहेत.

स्वावा: तोंडाकडे बघून बोलायचंय.

थोर्डिस: तोंडाकडे बघून बोलायचं म्हणजे एक तर कोणी गेलंय, नाहीतर मला काढताय. कोणी गेलं असतं तर सकाळी बेकरीतच कळलं असतं.

स्वावा: कोणी गेलेलं नाही.

थोर्डिस: म्हणजे मला काढताय. बरं, हा ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा अर्धी ताटली टाकून उठले, लिहून ठेव. क्लाइनर घे. सकाळी तळलेत. थोडे करपलेत म्हणतात सगळे, मला तर सोनेरीच दिसतात.

स्वावा: नको.

थोर्डिस: क्लाइनरला नको म्हणालीस? मग प्रकरण मोठं आहे.

स्वावा: ती पोलंडहून आलेली आग्निएश्का आहे ना, तिला सरावासाठी समुद्रतळाचा गाळ हवा होता. निवडून झालेला, ज्यातून प्राणी काढून घेतलेत असा. मी फळीवरचा तुझा डबा दिला.

थोर्डिस: माझा? अगं, बिचारी उपाशी मेली असेल. माझ्या गाळात वाळूशिवाय काय मिळणार? तिला शिकवायचंच असेल तर नव्या पोरींचा द्यायचास.

स्वावा: एकशे सत्याऐंशी मिळाले.

थोर्डिस: काय एकशे सत्याऐंशी?

स्वावा: प्राणी. एका डब्यात.

थोर्डिस: रिकामे शिंपले मोजले असतील तिने. नवखी माणसं मेलेलं घरही मोजतात. तू नाही का, पहिल्या उन्हाळ्यात चाळीस रिकामे शिंपले मोजून नाचत आलीस? सतरा वर्षांची होतीस. मी म्हटलं, पोरी, हे म्हणजे स्मशानात जाऊन गावाची लोकसंख्या मोजणं झालं.

स्वावा: रिकामे नव्हते. गुलाबी होते. बरणीत आपण जो रंग घालतो तो मांसाला चढतो, वाळूला नाही, हे तूच शिकवलंस मला. गुलाबी दिसलं की उचल. ते सगळे गुलाबी होते.

थोर्डिस: एखादा डबा असेल तसा. त्या आठवड्यात माझं गुडघ्याचं दुखणं…

स्वावा: दुसऱ्यात दोनशे चार. तिसऱ्यात एकशे एकोणसाठ. फळीवर तुझे अकरा डबे होते. रविवारी इथे बसून मी अकराही उघडले.

थोर्डिस: रविवारी? पोहायच्या कुंडात दिसली नाहीस म्हणून विचारलं, तर सर्दी म्हणालीस.

स्वावा: सर्दी नव्हती.

थोर्डिस: सर्दी नव्हती. आणि अकरा डबे. काय होतं त्यात?

स्वावा: सगळंच. केसाळ गांडुळं. ठिसूळ हातांच्या त्या चांदण्या, तुझे ते झाडू. टपाले तर कितीतरी.

थोर्डिस: टपाले पण? पुढे एवढी मोठी थैली, मागे काडीसारखी शेपूट, टपाल्या आंधळ्यालाही दिसतो. टपाल्या मी सोडला?

स्वावा: टपालेच जास्त होते.

थोर्डिस: आणि… माझा?

स्वावा: ते राहू दे आत्ता.

थोर्डिस: स्वावा. बर्गेनच्या त्या बुटक्या साहेबाने सबंध समुद्रातून एका किड्याला माझं नाव दिलं. तांदळाएवढा किडा, लांगाग्रुनचा समुद्रतळ सोडून जगात कुठे सापडला नाही अजून. नवऱ्याने आयुष्यात अंगठीशिवाय काही दिलं नाही, आणि त्या परक्याने किडा दिला. दोन वर्षं एकही दिसला नाही मला. मी मनातल्या मनात त्याला पुरून मोकळी झाले. होता त्या डब्यांत?

स्वावा: होता.

थोर्डिस: किती?

स्वावा: सात.

थोर्डिस: सात. आणि मी सातही जणांना गाळाबरोबर फळीवर ठेवून दिलं. झाकण घट्ट लावून, वर तारीख घालून.

स्वावा: कधीपासून कमी दिसतंय तुला?

थोर्डिस: कमी कुठे? बंदरावरच्या बोटी दिसतात, तुझ्या स्वेटरचा उसवलेला टाका दिसतो.

स्वावा: रंग?

थोर्डिस: रंगांचं म्हणशील तर तो गुलाबी रंगच अलीकडे फिका येतो, असं वाटलं होतं. मी कोपनहेगनच्या त्या दुकानाला चिठ्ठीही पाठवली होती, तुमची भुकटी पूर्वीसारखी राहिली नाही म्हणून. त्यांनी माफी मागून दुसरी बाटली पाठवली. सभ्य माणसं.

स्वावा: भुकटी तीच आहे. मोतीबिंदू असेल, थोर्डिस. दोन्ही डोळ्यांत. हळूहळू पिवळं होत जातं सगळं, आपल्याला कळतही नाही. माझ्या वडलांना…

थोर्डिस: कळत नाही कसं? मला कळलं होतं. फक्त चुकीचं कळलं. तुला आठवतं, पूर्वी या खोलीत आम्ही बाराजणी बसायचो? मासळीचा कारखाना बंद झाला, सुऱ्या ठेवल्या आणि चिमटे धरले. बारा चिमटे, बारा काचेच्या वाट्या. प्राणी उचलायचा, वाटीत झटकायचा, टिक. दिवसभर टिक टिक, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. डोळे मिटून सांगायचे मी, हाल्ला आज आळशी झालीय, सोफियाच्या बरणीत चिखलच चिखल आहे. आता जुन्यांतल्या आपण तिघी उरलो. लांगाग्रुन सगळं माझ्याकडे आलं. आणि दोन वर्षांपूर्वीपासून माझ्याच ताटलीचा आवाज विरळ होत गेला. टिक… मग बराच वेळ नाही. मी काय म्हटलं असेल? डोळे गेले म्हणून कोण म्हणतं स्वतःला? मी म्हटलं, तळ रिकामा झाला.

स्वावा: तू तेच मला सांगितलंस. खिडकीपाशी उभी राहून. “स्वावा, खाली कोणी उरलं नाही गं.”

थोर्डिस: तीन रात्री झोप नव्हती मला. आणि तू काय केलंस?

स्वावा: अहवालात लिहिलं. लांगाग्रुनच्या तळावरचे बारीक जीव दोन वर्षांत निम्मे झाले. गेल्या महिन्यात मासेमारी समितीकडे गेला.

ओड्डुर: आहे का कोणी जिवंत, की सगळ्या बाटलीत भरल्या? ताई! हा हॅडॉक मासा घे, सकाळचाच आहे. स्वावा, तुलाही आणलाय.

थोर्डिस: दार लाव आधी. आणि ते बूट बाहेर काढ, इथे तळ मोजतात, तू तुझा वेगळा आणू नकोस.

ओड्डुर: आज बूट बिट काही ऐकणार नाही मी. ताई, बसलीयस ना? राजधानीतून मेहुण्याचा फोन होता. गुरुवारची बैठक म्हणजे नुसती सही. एक एप्रिलपासून लांगाग्रुन जाळ्यांना खुलं!

स्वावा: ठरलं?

ओड्डुर: ठरल्यातच जमा. समितीतल्या एकाने वाचून दाखवलं म्हणे, दहा वर्षं जाळं लागलं नाही तरी खालचे किडे निम्मे झाले, म्हणजे दोष जाळ्याचा नाहीच. दहा वर्षं, ताई! दहा वर्षं मी चोरासारखा त्या बंदीच्या रेघेच्या कडेकडेने बोट हाकली. दुकानात पर्यटक पोरी विचारायच्या, तूच का तो तळ खरवडणारा? तो कलंक पुसला कोणी? माझ्या सख्ख्या बहिणीच्या चिमट्याने.

थोर्डिस: जाळं लगेच टाकणार?

ओड्डुर: मग काय बघत बसणार? चार बोटी तयार आहेत. पहिल्याच आठवड्यात सरळ मधोमध. तिथे स्पंज आहेत ते एकदा ओढून काढले की तळ कसा टेबलासारखा होतो. अशी काय बघतेस?

थोर्डिस: कशी?

ओड्डुर: माझ्या खांद्यावरून पलीकडे कोणी उभं असल्यासारखी. काल पण तसंच. धक्क्यावर एवढा हात केला मी, तू सरळ निघून गेलीस. मी म्हटलं, ताई रागावली. माशाच्या डोक्यांवरून.

थोर्डिस: रागावलेच होते. डोकी नेहमी सोफियाला देतोस.

ओड्डुर: आता घे, दोन्ही डोक्यांसकट आहेत. संध्याकाळी ये घरी, तुझ्या नावाने बाटली उघडतोय. तू पण ये, स्वावा. विज्ञानाचा विजय!

स्वावा: येते… बघते.

ओड्डुर: मासे थंडीत ठेवा. चला!

(दार लागतं. थोर्डिस खण उघडते.)

थोर्डिस: हे वाच.

स्वावा: काय आहे?

थोर्डिस: चिठ्ठ्या. या घराचा नियम काय, तूच नव्या पोरींना शिकवतेस. सांग.

स्वावा: एकीने निवडायचं. दुसरीने तिचा गाळ तपासायचा. पाचपेक्षा जास्त सापडले तर बरणी पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक बरणीची चिठ्ठी.

थोर्डिस: वाच. बारीक अक्षर आहे, मला… वाच मोठ्याने.

स्वावा: निवडले, थोर्डिस. तपासले, स्वावा. राहिलेले, शून्य.

थोर्डिस: खालची.

स्वावा: निवडले, थोर्डिस. तपासले, स्वावा. शून्य.

थोर्डिस: मधली एखादी काढ. कुठलीही.

स्वावा: शून्य.

थोर्डिस: दोन वर्षांच्या एकशे छत्तीस आहेत. मी चिठ्ठ्या टाकत नाही, तुला माहितेय. माझ्याकडे कारखान्याच्या पहिल्या पगाराचं पाकीटसुद्धा आहे. एकशे छत्तीस बरण्या आणि एकशे छत्तीस शून्यं. मी आंधळी होते. तू कोण होतीस?

स्वावा: थोर्डिस…

थोर्डिस: बघितलंस का? एक तरी?

स्वावा: पहिल्या वर्षी बघायचे. म्हणजे मी इथली प्रमुख झाले त्या वर्षी. तुझ्या गाळात कधीच काही नसायचं. कधीच. मग मला लाज वाटायला लागली. तुझा गाळ तपासायचा म्हणजे आईने केलेल्या सुपात मीठ आहे का, हे जिभेने बघण्यासारखं.

थोर्डिस: माझी आई रोज मला चाखायला द्यायची. “बघ गं, माझ्या जिभेचं काही खरं नाही आता,” म्हणायची.

स्वावा: तू नाही म्हणालीस कधी तसं.

थोर्डिस: नाही. मी म्हणायचे, माझा गाळ बघून वेळ घालवू नकोस, त्या नव्या पोरींचा बघ. ते माझंच. घे, ते माझ्या नावावर लिही.

स्वावा: दोन वर्षांचा गाळ मिळाला तर अजून करता येईल. मी रात्रंदिवस बसेन, आग्निएश्का बसेल, समितीकडे महिनाभर मागून घेऊ. फळीवर अकराच डबे आहेत. आधीचे कुठे आहेत?

थोर्डिस: तीन महिन्यांवर ठेवायचे नाहीत, फळी अपुरी पडते, हा कागद कोणी चिकटवलाय भिंतीवर?

स्वावा: मी. पण टाकलेस कुठे? गोण्यांत भरून शेडमध्ये वगैरे…

थोर्डिस: माझ्या घरामागे.

स्वावा: घरामागे कुठे?

थोर्डिस: बटाट्यांत. चांगली बारीक वाळू, सात पाण्यांनी धुतलेली, फेकायला जीव होईना. आमच्याकडची माती चिकट. टाकली आणि बटाटे असे सुटे यायला लागले! गेल्या नाताळात दोन पिशव्या तू नेल्यास. तुझा नवरा म्हणाला, इतके गोड बटाटे गावात कोणाचे नाहीत.

स्वावा: देवा.

थोर्डिस: हसतेस का रडतेस? मला इथून कळत नाही.

स्वावा: मलाही नाही कळत.

थोर्डिस: हसून घे. दोन वर्षांचं लांगाग्रुन आपण लोण्याबरोबर खाल्लं.

स्वावा: मी समितीला पत्र लिहिणार आहे. आजच. आकडे चुकले, डबे उघडले, हे सापडलं, सगळं.

थोर्डिस: लिही. मग बंदी राहील?

स्वावा: नाही.

थोर्डिस: नाही? आकडे खोटे ठरले तर खुलं करायचं कारणच गेलं ना?

स्वावा: बंदी दहा वर्षांची होती आणि पुढे वाढवायची तर दरवर्षीची मोजणी हवी अशी अट होती. मोजणी धरण्यासारखी नसेल तर बंदी आपोआप उठते. एक एप्रिलला. पत्र नाही लिहिलं तर चुकीच्या आकड्यामुळे उठेल, लिहिलं तर आकडाच नाही म्हणून.

थोर्डिस: आणि त्या अकरा डब्यांचा आकडा?

स्वावा: एकशे छत्तीस बरण्यांतल्या अकरा. शिवाय ज्या घरात एकशे छत्तीस खोटी शून्यं लिहिली गेली, त्याच घरातून आलेल्या. कोण धरेल?

थोर्डिस: नवीन नमुने आणा. बोट पाठवा.

स्वावा: बोट जूनला. त्याआधी मिळत नाही, मी काल बोटीच्या कचेरीत रडून आले. जूनपर्यंत ओड्डुर आणि त्या चार बोटी…

थोर्डिस: टेबलासारखं करून ठेवतील. ठाऊक आहे. एकदा जाळं गेलं की ते स्पंज माझ्या नातवंडांच्या नातवंडांनाही दिसायचे नाहीत, हे बुटक्या साहेबाने सांगितलं होतं मला. म्हणजे मी जे दोन वर्षं बघितलं, खाली कोणी उरलं नाही, ते तेव्हा खोटं होतं. आता मेच्या अखेरीस खरं होईल. माझ्या डोळ्यांना जरा घाई झाली इतकंच.

स्वावा: डोळ्यांचं ऑपरेशन होतं. अर्ध्या तासाचं. वडील दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होते.

थोर्डिस: हो ना? मग सगळं स्वच्छ दिसेल. छान. काय दाखवणार आहेस?

स्वावा: पत्र लिहायला घेते मी.

थोर्डिस: पत्रात माझं नाव घाल. वय झालेली बाई, दिसत नव्हतं, कोणाला बोलली नाही. लोक समजून घेतात. तू चाळिशीचीही नाहीस. तुला दोन मुलं आहेत आणि या गावात दुसरी नोकरी म्हणजे पर्यटकांना देवमासे दाखवणं.

स्वावा: तुझं नाव नाही घालणार. दिसत असून बघितलं नाही ते मी.

थोर्डिस: मोठी आलीस. माझी चूक तुझ्या नावावर लावून घ्यायला मी काही भिकारीण नाही.

स्वावा: चिठ्ठीवर ‘तपासले’च्या पुढे सही कोणाची आहे?

थोर्डिस: थांब. एक सांग. ते डबे हिवाळ्यातले. डिसेंबर, जानेवारी. अंधाराचे दिवस. खिडकीतून उजेडच नव्हता. आता मार्च आहे, बघ केवढं ऊन आलंय. आज सकाळपासून मला चांगलं दिसतंय, खरंच. त्या डब्यांवरून आजचं ठरवू नकोस.

स्वावा: थोर्डिस, कशाला…

थोर्डिस: ही लांगाग्रुनची शेवटची बरणी आहे. यानंतर कोणी पाठवणार नाही. अर्धी ताटली तू मला टाकायला लावलीस. ती मी पुरी करते. तू तुझं पत्र लिही तोवर. मग गाळ तपास. पाच किंवा कमी सापडले तर माझे डोळे शाबूत, पत्रात हिवाळ्याचा अंधार लिही. जास्त सापडले तर जे लिहायचं ते लिही, मी वर मान करणार नाही.

स्वावा: त्याने आता काय फरक पडतो?

थोर्डिस: समितीला नाही पडत. मला पडतो. तो दिवा इकडे वळव.

स्वावा: असा?

थोर्डिस: अजून. हां. लिही तू.

स्वावा: “आदरणीय सदस्यहो…”

थोर्डिस: आदरणीय कशाला? ‘सदस्यहो’ पुरे. हा एक… हा बघ, झाडू. तुटका आहे, पण मधली चकती आहे, म्हणजे एक धरायचा. नुसते हात मोजायचे नसतात.

स्वावा: हो.

थोर्डिस: किती लिहून झालं?

स्वावा: तीन ओळी.

थोर्डिस: माझे नऊ झाले. पूर्वी तीन ओळींत तीस व्हायचे. बरणी गरीब आहे.

स्वावा: कॉफी गार होतेय.

थोर्डिस: होऊ दे. चौदा… आणि हा गुलाबी, का गारगोटी आहे? गुलाबीच. पंधरा.

स्वावा: माझं लिहून झालं.

थोर्डिस: वाचू नकोस. माझे तेवीस. तीनदा कडेने फिरले, एकदा मधून. आता काही नाही त्यात. घे. सही करायच्या आधी बघ.

स्वावा: बघते.

थोर्डिस: लोकांना दाखवायला बघतेस तसं नाही. भिंगाखाली घे. डावीकडून सुरुवात कर.

स्वावा: केली.

थोर्डिस: झाडू?

स्वावा: नाही.

थोर्डिस: टपाले?

स्वावा: नाहीत.

थोर्डिस: आणि माझा?

स्वावा: नाही, थोर्डिस. नुसती वाळू आहे. तू सगळं काढलंस.

थोर्डिस: मग तुझा चिमटा वाटीवर का वाजतोय?